दोन कडवी कमी

एरन कोपलंडने एमिली डिकिन्सनच्या बारा कवितांना चाली दिल्या. त्या बारांत दोन कडवी नाहीत. एक नवव्या गाण्यातलं, एक बाराव्यातलं. कोपलंडने ती गाळलेली नाहीत. १९४९ साली तो ज्या पुस्तकांतून या कविता वाचत होता, त्या पुस्तकांतच ती नव्हती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी, बहुधा चांगल्याच हेतूने, ती काढून टाकली होती. पुढे मूळ हस्तलिखितांवरून नवी आवृत्ती निघाली, कडवी जागेवर आली. गाणी मात्र तोवर बांधून, छापून, गाऊन झालेली होती. पुरी झालेली चाल उसवून तिच्यात चार ओळी बसवायला तिथे जागा नसते.

एक आवाज, एक पियानो, बारा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाला थोडी कमी: एवढाच या गीतमालेचा संसार. १८ मे १९५० रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलिस हाउलँड या गायिकेने ती पहिल्यांदा गायली. पियानोवर स्वतः कोपलंड होता. वर्तमानपत्रांनी फारसं कौतुक केलं नाही. आज अमेरिकेत गायन शिकणारी मुलगी या बारांपैकी दोन-चार गाणी गायल्याशिवाय सहसा पुढे जात नाही.

भावगीतावर वाढलेल्या कानाला इथे पहिली अडचण येते ती पियानोची. आपल्याकडे पेटी गाणाऱ्याच्या मागोमाग चालते. तो थांबला की थांबते, त्याने घेतलेली जागा हलकेच परत करते. वाद्यमेळाला जे काही म्हणायचं असेल ते दोन कडव्यांच्या मधल्या फटीत, ज्याला वादक मंडळी ‘म्युझिक पीस’ म्हणतात, आणि गायिका परत आली की वाद्यं अदबीने बाजूला. कोपलंडचा पियानो बाजूला होत नाही. बाई काहीतरी सांगत असते, त्याच वेळी तो दुसरंच काही सांगत असतो, कधी कधी तिचं बोलणं न पटल्यासारखं. शिवाय बहुतेक गाण्यांना धृपद नाही. एक ओळ गेली की गेली. आवडलेली ओळ पुन्हा येईल म्हणून कान टवकारून बसावं तर गाणं संपलेलं असतं. आणि आवाज जवळच्या सुरावर जाण्याऐवजी सात-सात, आठ-आठ स्वर ओलांडून पलीकडे उडी घेतो. पहिल्यांदा ऐकताना हे हट्टाने केल्यासारखं वाटतं. हळूहळू कळतं की ही बाई बोलते तशीच आहे, साधं वाक्य सुरू करते आणि मधेच जिना नसलेल्या माळ्यावर चढून बसते.

डिकिन्सनच्या कविता गाण्यासाठी नव्हत्या, हेही पूर्ण खरं नाही. त्यांतल्या पुष्कळशा आठ-सहा, आठ-सहा अशा मापात आहेत. आयझॅक वॉट्सची स्तोत्रं याच मापात असत, आणि ती न्यू इंग्लंडच्या चर्चमध्ये दर रविवारी गायली जात. ओवीची चाल एकदा अंगात भिनली की हात जात्यावर नसला तरी शब्द त्याच लयीत पडतात, तसं तिचं झालं असावं. म्हणजे चाल आयती तयार होती. कुणीही साधा संगीतकार तिथेच थांबला असता. कोपलंडने ते माप जवळजवळ प्रत्येक गाण्यात मोडलं. जिथे स्तोत्र एका अक्षराला एक स्वर देऊन पुढे चालतं तिथे तो एका शब्दावर रेंगाळतो आणि पुढचे चार शब्द एका दमात उरकतो. यमकं असूनही यमकाचा टाळ वाजत नाही. मला या गीतमालेतली सगळ्यात धीट गोष्ट हीच वाटते. न वापरलेली चाल ऐकू येत नसते, म्हणून तिचं श्रेयही कुणी देत नाही.

कोपलंड त्या वेळी एकोणपन्नाशीला आला होता आणि प्रसिद्ध होता. ब्रुकलिनमध्ये १९०० साली जन्मलेला ज्यू दुकानदाराचा हा मुलगा पॅरिसला जाऊन नादिया बूलांजे यांच्याकडे शिकला आणि परत येऊन अमेरिकेच्या मोकळ्या माळरानांचा आवाज होऊन बसला. ‘बिली द किड’, ‘रोडिओ’, ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ ही त्याची नृत्यनाट्यं लोकांच्या तोंडी होती. नुकतंच त्याने ‘द एअरेस’ या हॉलिवूडच्या चित्रपटाला संगीत दिलं होतं आणि त्यासाठी पुढे त्याला ऑस्कर मिळालं. दुसरीकडे मार्च १९४९ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात शांतता परिषद भरली. रशियातून संगीतकार शोस्ताकोविच आला होता. कोपलंड तिथे बोलला. आठवड्याभरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने साम्यवाद्यांच्या नादी लागलेल्या नामवंतांचे फोटो ओळीने छापले, त्यांत याचाही होता. चार वर्षांनी, १९५३ मध्ये, आयझेनहॉवरच्या शपथविधीच्या कार्यक्रमातून त्याचं ‘लिंकन पोर्ट्रेट’ वगळलं गेलं आणि मग मॅकार्थीच्या समितीपुढे त्याला उत्तरं द्यावी लागली. या गीतमालेची सुरुवात १९४९ च्या त्याच मार्चमधली, पूर्तता पुढच्या मार्चमधली. हडसन नदीकाठच्या स्नीडन्स लँडिंग या वस्तीत भाड्याच्या घरात बसून तो या कविता वाचत होता. तिसऱ्या गाण्यात एक मुलगी विचारते की मला स्वर्गाबाहेर का ठेवलं, माझा आवाज फार मोठा झाला का. हे ऐकताना वॉल्डॉर्फ हॉटेल आठवतं खरं. पण ते ओढून आणायचं कारण नाही. ज्याच्या त्याच्या गाण्याला त्याच्या अटकेची नोटीस जोडायची सवय आपल्याला लागली आहे, ती बरी नव्हे.

त्याने आधी एकच कविता घेतली होती, ‘द चॅरिअट’. मृत्यू घोडागाडी घेऊन येतो आणि एका स्त्रीला अदबीने आत बसवून घेऊन जातो, ती. मग दुसरी घ्यावीशी वाटली, मग तिसरी, असं करत बारा झाल्या आणि पहिली लिहिलेली शेवटी जाऊन बसली. म्हणजे आराखडा आखून केलेलं हे काम नव्हे. आपलं गीतरामायण आठवून पाहा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी माडगूळकर गीत लिहून देत आणि फडके लगोलग चाल बांधत. छप्पन्न गाणी अशी झाली. कवीला माहीत होतं की हे कोण गाणार, कथा कुठे जाणार. चालीला अडत असेल तर शब्द बदलून मागता येत होता. कोपलंडकडे ती सोय नव्हती. कवयित्रीला जाऊन त्रेसष्ट वर्षं झाली होती, आणि शब्द बदलायचे ते इतरांनी आधीच बदलून ठेवले होते.

ते कसं झालं, ते सांगायला हवं. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्ट गावी एमिली डिकिन्सन १८३० साली जन्मली आणि तिथेच १८८६ साली गेली. वडील वकील, खाऊन-पिऊन सुखी घर, घरात पियानो. लहानपणी तीही तो शिकली होती. उत्तरायुष्यात ती घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. ती गेल्यावर धाकटी बहीण लॅव्हिनिया आवराआवर करू लागली. ताईच्या सांगण्याप्रमाणे तिने पत्रं जाळली, आणि मग तिला कविता सापडल्या. काही हाताने शिवलेल्या बारक्या वह्यांत, काही पाकिटांच्या पाठीवर. मोजदाद पुढे अठराशेच्या जवळ गेली. हयातीत छापून आल्या होत्या त्या जेमतेम दहा, त्याही बिननावी. आपल्याला यावर लगेच बहिणाबाई आठवतात, आणि सोपानदेवांनी ते कागद अत्र्यांना दाखवण्याची गोष्ट. पण बहिणाबाईंच्या ओव्या आधी आवाजात होत्या, शेतात आणि जात्यावर, आणि कागदावर नंतर आल्या. डिकिन्सनच्या कविता फक्त कागदावर होत्या आणि तो कागद पेटीत होता.

लॅव्हिनियाने त्या छापायला दिल्या मेबल लूमिस टॉड या बाईंकडे. ॲम्हर्स्ट कॉलेजातल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाची ही हुशार, देखणी बायको एमिलीच्या भावाची, ऑस्टिनची, प्रेयसीही होती. ऑस्टिनची पत्नी सुझन शेजारच्याच घरात राहायची. एमिलीच्या कितीतरी कविता या सुझनलाच आधी वाचायला मिळाल्या होत्या. म्हणजे हस्तलिखितांची भाऊबंदकी पहिल्या दिवसापासून ठरलेली. टॉडबाईंनी हिगिन्सन नावाच्या जुन्या संपादकाला सोबत घेऊन १८९० आणि १८९१ साली दोन संग्रह काढले, १८९६ साली तिसरा एकटीने. कविता धडाधड खपल्या. ऑस्टिन गेल्यावर जमिनीच्या एका तुकड्यावरून लॅव्हिनियाने टॉडबाईंवर दावा लावला, आणि टॉडबाईंनी आपल्याकडची हस्तलिखितं पेटीत घालून कुलूप लावलं. ते पुढे कित्येक वर्षं निघालं नाही. उरलेली सुझनच्या मुलीकडे, मार्था डिकिन्सन बिआंकीकडे गेली, आणि १९१४पासून तिने आपल्या परीने पुस्तकं काढली. कोपलंडच्या हाती आल्या त्या या दोन्ही घरांच्या छपाईतल्या कविता.

या संपादकांनी केलं काय? जिथे यमक लंगडत होतं तिथे शब्द बदलला. कवितांना शीर्षकं दिली. ‘द चॅरिअट’ हे नावही त्यांचंच, तिचं नव्हे. वाक्याच्या मधोमध ती ज्या आडव्या रेघा ओढायची, श्वास अडकल्यासारख्या, त्या जाऊन तिथे स्वल्पविराम आणि अर्धविराम आले. घोडागाडी शाळेवरून जाते तिथे तिने मधल्या सुट्टीत चाललेली मुलांची चढाओढ लिहिली होती, ती जाऊन मुलं नुसती खेळू लागली. हे सगळं धुऊन पुसून जागेवर ठेवायला १९५५ साल उजाडलं, थॉमस जॉन्सन यांनी हार्वर्डतर्फे तीन खंडांत सगळ्या कविता मूळ बरहुकूम छापल्या तेव्हा. गीतमाला त्याआधी पाच वर्षं पुरी झाली होती.

इथे असं म्हणायचा मोह होतो की रेघा न पाहताही कोपलंडला त्या ऐकू आल्या. मधेच थांबणारे सूर, अनपेक्षित उड्या, शब्दाशब्दांतली मोकळी जागा: हे सगळं तिच्या रेघांचंच संगीत. म्हणायला छान आहे. पण ‘ॲपलाचियन स्प्रिंग’मध्येही अशाच मोकळ्या जागा आहेत आणि तिथे डिकिन्सन नाही. त्याचा हात मुळातच तसा होता. तो तिच्या कवितेला मानवला, एवढं पुरे.

कडव्यांचा प्रश्न मात्र असा सोडून देता येत नाही. नववं गाणं डोक्यात भरलेल्या अंत्ययात्रेचं आहे. माणसं येतात, पावलं वाजतात, प्रार्थना ढोलासारखी आदळत राहते, शेवटी पेटी उचलली जाते आणि सगळं आकाश घंटा होऊन बसतं. पियानोचा डावा हात अगदी तळाशी, खर्जात, तेच ते ठोके देत राहतो. तो खर्ज नीट ऐकू येत नाही, छातीत जाणवतो. मग ती एकटी, शांततेच्या सोबतीला, फुटलेल्या जहाजासारखी उरते, आणि गाणं थांबतं. मूळ कवितेत ती थांबत नाही. पुढे आणखी एक कडवं आहे. त्यात पायाखालची शुद्धीची फळी मोडते आणि ती खाली खाली कोसळत जाते, प्रत्येक आपटण्याला एक जग लागतं. टॉडबाईंनी हे कडवं १८९६ च्या पुस्तकात घेतलंच नाही. वेडाची इतकी उघडी कबुली त्यांना कवयित्रीच्या नावाला बरी वाटली नसेल.

मी हे कडवं आधी वाचलं, गाणं नंतर ऐकलं. त्यामुळे गाणं संपल्यावर मी पुढे सरकून बसलेला असतो, आणि पुढे काही नसतं. तरीही मला वाटतं, इथे गाण्याचं भलं झालं. कडवं हाताशी असतं तर कोपलंडला, कुणालाही, पियानो वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीपर्यंत गडगडवायचा मोह आवरला नसता. पडणं पियानोवर फार सोपं असतं. त्याऐवजी आता ती तिथे उभी आहे, पडलेली नाही, आणि ते ठोके अजून आपल्या अंगात चालू आहेत.

बाराव्या गाण्यात मात्र उलट झालं आहे. घोडागाडी मावळत्या सूर्यावरून जाते, आणि मूळ कवितेत ती लगेच स्वतःला दुरुस्त करते: आम्ही सूर्यावरून नव्हे, सूर्यच आमच्यावरून गेला. दव पडतं, थंडी वाजते, आणि तिच्या लक्षात येतं की अंगावरचे कपडे फार पातळ आहेत. पूर्ण कवितेतली ती एकमेव जागा, जिथे या सभ्य गृहस्थाबरोबरची फेरी तिच्या हाडांत शिरते. १८९० च्या संपादकांनी नेमकं हेच कडवं काढलं. त्यामुळे कोपलंडची गाडी सूर्यास्तावरून थेट त्या जमिनीतून जेमतेम वर आलेल्या घरापाशी जाऊन थांबते. तालाला दुडक्या चालीचा हलका हिसका आहे, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत मोडत नाही. शांत, नेटका, नम्र. सुंदर आहे, यात शंका नाही. पण थंडी वाजत नाही. ते कडवं वाचलं असतं तर त्याने तो ताल एकदा तरी अडखळू दिला असता, असं मला राहून राहून वाटतं. एकाच कात्रीने एका गाण्याला वाचवलं आणि दुसऱ्याला थोडं जास्तच गोड करून ठेवलं.

बाकीच्या गाण्यांबद्दल सारख्या मापाने बोलण्यात अर्थ नाही. पहिल्यात निसर्गमाता लेकरांना दटावते आणि झोपवते. पियानोवर आधी बराच वेळ नुसती पाखरं. दुसऱ्यात वारा सुटतो आणि पियानोवाल्याचे हात दमतात. आठवं मला अजून पकडता आलेलं नाही. सहाव्यात मार्च महिना पाहुणा म्हणून दारात उभा राहतो. ती त्याला टोपी काढून ठेवायला सांगते, चालून चालून दम लागला असेल म्हणते, वर खोलीत नेते, आणि तेवढ्यात एप्रिल दार ठोठावतो तर कडी लावून घेते. आपल्याकडचा मार्च परीक्षांचा आणि कोरड्या घशाचा, तेव्हा या पाहुणचाराची मजा कळायला तिथला बर्फ वितळताना डोळ्यांपुढे आणावा लागतो. पियानो मात्र लगेच कळतो. बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या बहिणीसारखा तो एकदम सगळं सांगायला लागतो.

पाचवं गाणं सगळ्यांचं लाडकं, माझंही. ती आपल्या हृदयाला बजावते की आज रात्री आपण त्याला विसरून जाऊ, तू त्याची ऊब विसर, मी उजेड विसरते. आणि तुझं झालं की लवकर सांग, कारण तू रेंगाळलास तर तेवढ्यात मला तो आठवेल. कोपलंडने गाण्याच्या माथ्यावर सूचना लिहिली आहे ती अतिशय संथ, पाय ओढत गाण्याची. शब्द घाई करायला सांगतात आणि सूर जागचे हलत नाहीत. विसरणं आज रात्री होणार नाही, हे पहिल्या दोन मापांतच पियानोने सांगून टाकलेलं असतं. गायिका यात दुःख ओतायला गेली की सगळं बिघडतं. तिने प्रामाणिकपणे विसरायचा प्रयत्न करावा, बाकीचं पियानो पाहून घेईल.

हे गाणं मार्सेल द मांझियार्ली या फ्रेंच स्त्री-संगीतकाराला अर्पण केलेलं आहे. प्रत्येक गाणं एकेका संगीतकार मित्राला आहे, आणि बारांत ही एकटीच स्त्री. कोपलंडची आणि तिची ओळख बूलांजेच्या वर्गापासूनची. योगायोग असा की पॅरिसमधल्या ज्या मांझियार्ली कुटुंबाने १९२०च्या सुमारास तरुण जे. कृष्णमूर्तींना आपल्या घरात घेतलं, त्यांच्याशी आयुष्यभराचं नातं जोडलं, त्याच घरातली ही मुलगी. इतर नावांत इलियट कार्टर आहे, लुकस फॉस आहे, ब्राझीलचा कामार्गो ग्वार्निएरी, अर्जेंटिनाचा जिनास्तेरा, चिलीचा ओरेगो-सालास आहेत. कोपलंड दोनदा दक्षिण अमेरिकेत फिरून आला होता, आणि ती दोस्ती त्याने जपली. अंत्ययात्रेचं गाणं ग्वार्निएरीच्या वाट्याला का आलं असावं, याचा अंदाज करत बसायला मजा येते. ज्या बाईने आयुष्यातली शेवटची वर्षं दाराआडून पाहुण्यांशी बोलण्यात घालवली, तिच्या बारा कविता अशा बारा घरी पोचवल्या गेल्या.

सातवं गाणं झोपेचं आहे असं वाटतं. शहाणी माणसं म्हणतात की झोप म्हणजे डोळे मिटणं आणि सकाळ म्हणजे दिवस उजाडणं. खरी पहाट अजून व्हायची आहे, ती अनंताच्या पूर्वेला. शेवट मोठ्या आवाजात, उंच सुरावर. कोपलंडनेच सांगून ठेवलं आहे की बारांपैकी फक्त दोन गाण्यांना एकमेकांच्या सुरावटीचा धागा आहे, या सातव्याला आणि बाराव्याला. तोच ठेका, एकदा तुतारीसारखा आणि एकदा घोड्याच्या टापांसारखा. हे माहीत नसताना ऐकलं तरी बाराव्याच्या सुरुवातीला कुठेतरी ओळखीचं वाटतं. दहावं मी वेगळ्याच कारणाने जवळचं मानतो. त्यातली मुलगी मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन ऐकते, त्याचं अक्षरही तिला कळत नाही, श्वास मात्र रोखला जातो, आणि बाहेर पडताना आपल्याला काय झालं ते तिला सांगता येत नाही. बडोद्यात किंवा ठाण्यात बसून परक्या भाषेतलं, परक्या पद्धतीचं गाणं ऐकणाऱ्याची हकिकत याहून नेमकी कुणी लिहिलेली मला ठाऊक नाही.

पुढे कोपलंडने यांतली आठ गाणी छोट्या वाद्यवृंदासाठी नव्याने लिहिली. त्याचा सत्तरावा वाढदिवस १९७० साली साजरा झाला, तोवर ती पुरी झाली होती. तिसरं, आठवं, नववं आणि दहावं मागे राहिलं. पहिल्या गाण्यातल्या पाखरांना खरीखुरी सुषिर वाद्यं मिळाली, आणि ऐकायला ते अधिक सोपं झालं. मला ते आवडत नाही असं नाही. पण पियानोवर स्वर उमटतो त्या क्षणापासून विरायला लागतो, त्याला काही करता येत नाही. बासरीवाला फुंकर लांबवू शकतो, व्हायोलिनवाला गज ओढत राहू शकतो. मरणाबद्दल इतकं बोलणाऱ्या या बाईला विरणारंच वाद्य हवं होतं. नववं गाणं वाद्यवृंदात गेलं नाही, हे उत्तमच झालं. तिथे खऱ्या नगाऱ्यांनी काय धुमाकूळ घातला असता!

कोपलंड स्वतः पियानोवर असलेलं ध्वनिमुद्रण आहे, गायिका ॲडेल ॲडिसन. ‘पोर्गी अँड बेस’ या १९५९ च्या चित्रपटात पडद्यावर डोरोथी डँड्रिज दिसते आणि गाते ती ही ॲडिसन. पार्श्वगायन हा फक्त आपला प्रकार असं मानणाऱ्यांना हे सांगून मी अधूनमधून चकित करतो. तिचा आवाज स्वच्छ, बिनपाझरता. आणि कोपलंडचं वादन अगदी कोरडं, भावना दाखवायची आपली जबाबदारीच नाही असं. बार्बरा बॉनी आणि आंद्रे प्रेव्हिनचं मुद्रण सुरेख आहे, जास्त सुरेख आहे, आणि मी पुन्हा कोरड्याकडे वळतो.

विशेषतः अकराव्या गाण्यासाठी. स्वर्गाला निघायचं, स्वर्गाला निघायचं, असं म्हणत आवाज भराभरा वर चढतो, पियानो मागे खिदळत असतो. कधी निघायचं ते माहीत नाही, कसं ते विचारू नका. तू आधी पोचलास तर माझी गेलेली दोन माणसं आहेत, त्यांच्याजवळ थोडी जागा धर. कपडे लहान मापाचे चालतील, घरी जाताना कोण कपड्यांचा विचार करतं. आणि मग, हसत हसतच, ती सांगते की मी यावर विश्वास ठेवत नाही हे बरंच आहे, कारण ठेवला तर श्वास थांबेल, आणि या नवलाच्या जमिनीकडे मला आणखी थोडं पाहायचं आहे. त्या दोघांचा मात्र विश्वास होता, तेही बरं झालं. शरदातल्या एका दुपारी त्यांना मातीत ठेवून आल्यापासून ती मला परत भेटलेली नाहीत. इथे पायऱ्या चढणारा तो आवाज हळू होतो, खाली येतो. ॲडिसन इथे काही करत नाही. कोपलंडही काही करत नाही. या कवितेतून त्या दोन्ही घरांच्या संपादकांनी काही काढलं नाही, आणि त्याचा फरक ऐकू येतो.

माझ्यापुरती गीतमाला इथे संपते. बाराव्याचा मृत्यू सभ्य आहे, त्याच्या गाडीत बसायला माझी हरकत नाही, पण अकराव्यानंतर कुणी इतकं सभ्य वागलं की मला थोडी चीड येते. कोपलंडचं म्हणणं वेगळं होतं. गाणी सुटीसुटी गायली तरी चालतील, पण बाराही ओळीने ऐकली तर त्यांचा परिणाम साचत जातो, असं त्याला वाटायचं, आणि सातव्याचा ठेका बाराव्यात परत येतो तो त्यासाठीच. म्हणून मी मुद्रण बंद करत नाही. अकरावं संपतं, मधली दोन-तीन सेकंदं जातात, घोडागाडी येते. मी ती येऊ देतो आणि मनात ते थंडीचं कडवं, गाडी सूर्यास्तावरून पुढे सरकत असताना, त्याच्या तालाशी न जुळवता म्हणून घेतो.